शंभर वॅटच्या स्पीकरला किती वॅट लागतात?

"स्पीकर शंभर वॅटचे आहेत, मग अ‍ॅम्प्लिफायरही शंभर वॅटचाच लागेल ना?" घरात नीट गाणं ऐकायचं ठरवून मोठी रक्कम बाजूला काढलेला माणूस दुकानात पहिल्यांदा हेच विचारतो. विक्रेता बहुतेक वेळा मान डोलावतो आणि व्यवहार पुरा होतो. महिनाभरात मात्र तक्रार सुरू होते: आवाज मोठा आहे, पण तबला बोथट वाटतो, तार सप्तकातला षड्ज कानाला टोचतो, आणि अर्ध्या तासात ऐकण्याचा कंटाळा येतो. स्पीकर उत्तम असतो, अ‍ॅम्प्लिफायरही उत्तम असतो, पण दोघांचं जमलेलं नसतं.

हा प्रश्न एखाद्या खऱ्याखुऱ्या ठिकाणी ठेवून पाहिलेला बरा. म्हणून ग्वाल्हेरचं बिर्लानगर घेऊ. जियाजीराव कॉटन मिलच्या भोवती वाढलेला हा कामगार वस्तीचा भाग. शेजारीच हजिरा, तिथे तानसेनाची कबर, आणि दर डिसेंबरात भरणारा तानसेन समारोह. ख्यालाशी मराठी माणसाचं नातं याच शहरातून जुळलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी दक्षिणेत घेऊन आले, आणि कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांनी ती ग्वाल्हेरातच जन्मभर सांभाळली. अशा गावात घरी ऐकायला बसलेल्या रसिकाला तंबोरा, तबला आणि मोकळा कंठ खरा वाटायला हवा असतो. त्याची खोली मात्र दहा बाय बारा फुटांची, भिंती विटांच्या, फरशी गुळगुळीत. हीच खोली पुढच्या सगळ्या हिशेबांत आपल्याबरोबर राहील.

१. स्पीकरवरचा आकडा

अ‍ॅम्प्लिफायर वीज पुरवतो, स्पीकर ती वापरतो. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरवरचा '१०० वॅट' हा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो. स्पीकरवरचा '१०० वॅट' हा सहनशक्तीचा आकडा आहे. इतकी शक्ती दिली तरी आतली कॉइल जळणार नाही, एवढंच त्यातून कळतं. स्पीकर किती मोठ्याने वाजेल, गोड वाजेल की नाही, त्याला चालवायला किती शक्ती लागेल, यांतलं काहीही त्या आकड्यात नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नातली बरोबरीच चुकीची आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात त्यापेक्षा महत्त्वाचे दोन आकडे असतात, एक डेसिबलमध्ये आणि एक ओहममध्ये. डेसिबलचा आधी पाहू.

२. एक वॅट, एक मीटर

स्पीकरला एक वॅट शक्ती दिली आणि एक मीटरवर आवाज मोजला, तर जो आकडा येतो ती त्याची संवेदनशीलता. घरगुती स्पीकरमध्ये ती बहुधा ८३ ते ९२ डेसिबलच्या दरम्यान असते. फरक किरकोळ दिसतो, पण डेसिबलचं गणित बेरजेचं नसून गुणाकाराचं आहे. ३ डेसिबल वाढवायचे तर शक्ती दुप्पट लागते, १० डेसिबलसाठी दहापट आणि २० डेसिबलसाठी शंभरपट.

आता बिर्लानगरची खोली. स्पीकर ८७ डेसिबलचे, ऐकणारा अडीच मीटरवर. अंतरामुळे आवाज घटतो. भिंती थोडा परत देतात, आणि स्पीकर दोन असल्याने थोडी भर पडते. हा सगळा जमाखर्च करून साधारण ३ डेसिबल वजा धरू. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला तर खुर्चीपाशी ८४ डेसिबल मिळतात. घरात ख्याल भरघोस ऐकायचा तर सरासरी ७६ डेसिबल पुरतात. ते एका वॅटच्या पातळीहून ८ डेसिबल खाली आहेत. म्हणजे लागणारी शक्ती ०.१६ वॅट, एका वॅटचा सहावा हिस्सा!

मग मोठे अ‍ॅम्प्लिफायर हवेत कशाला? गाणं सरासरीत राहत नाही म्हणून. समेवरची तबल्याची थाप, जोरकस तान, सरोदाचा आघात, ही सगळी क्षणभराची शिखरं असतात. चांगल्या ध्वनिमुद्रणात ती सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. २० धरले तर शंभरपट, म्हणजे त्या क्षणाला १६ वॅट. ऐकणाऱ्याने आवाज ५ डेसिबल चढवला तर ५० वॅट.

स्पीकर बदलला की हे उत्तर पार बदलतं. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस ३/५ए हा छोटा मॉनिटर आजही मानवी आवाजासाठी नावाजला जातो. त्याची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास आहे. त्याला त्याच शिखरासाठी १६ ऐवजी ४० वॅट हवेत, आणि आवाज चढवला तर सव्वाशे. याच्या उलट पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासूनचा क्लिप्शहॉर्न हा कोपऱ्यात ठेवायचा भोंग्याचा स्पीकर कागदावर १०५ डेसिबलच्या घरात आहे. त्याला पाव वॅट पुरतो. एकाच शिखरासाठी चाळीस वॅट आणि पाव वॅट, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि 'चांगला अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा?' हा प्रश्न स्पीकरचं नाव घेतल्याशिवाय निरर्थक आहे.

माहितीपत्रकातली एक मेख इथेच सांगायला हवी. बरेच निर्माते 'एक वॅट' न म्हणता '२.८३ व्होल्ट' लिहितात. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्या व्होल्टला बरोबर एक वॅट मिळतो, ४ ओहमच्या स्पीकरला मात्र दोन. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरची संवेदनशीलता अशा पद्धतीने दिली असेल, तर तुलना करताना तीन डेसिबल वजा करावेत.

३. ओहमचे चढउतार

जोड्या खऱ्या अर्थाने बिघडतात त्या दुसऱ्या आकड्यापाशी.

ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकीच्या उंचीमुळे पाण्याला दाब मिळतो, तो व्होल्टेज. नळातून धार पडते, तो प्रवाह. तोटी जितकी जास्त उघडाल तितका अडथळा कमी आणि धार मोठी. खालचे तीनचार नळ एकदम पूर्ण उघडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, कारण टाकीला दाब देणं जमतं, पण तेवढं पाणी पुरवणं जमत नाही. कमी ओहमचा स्पीकर म्हणजे पूर्ण उघडलेले नळ, आणि लहान ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे अपुरी टाकी.

आकड्यांत पाहू. अ‍ॅम्प्लिफायर २० व्होल्ट देतोय. स्पीकर ८ ओहमचा असेल तर अडीच अँपिअर प्रवाह वाहतो आणि ५० वॅट होतात. ४ ओहमला ५ अँपिअर, १०० वॅट. २ ओहमला १० अँपिअर, २०० वॅट. भक्कम अ‍ॅम्प्लिफायर ही चढण जवळजवळ पुरी चढतो. सामान्य अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला ८० वॅट देतो, ४ ओहमला जेमतेम ११० वर अडखळतो, आणि २ ओहमबद्दल त्याच्या पत्रकात चकार शब्द नसतो. म्हणून ८ आणि ४ ओहमचे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दुसरा पहिल्याच्या दुपटीला जितका जवळ, तितका अ‍ॅम्प्लिफायर दमदार. उचलून पाहिलं तरी बरंच कळतं: जड ट्रान्सफॉर्मर आणि मोठे हीटसिंक यांना पर्याय फारसा नाही. क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर तेवढे याला अपवाद, ते हलके असूनही ताकदवान असू शकतात.

पण स्पीकर तरी '८ ओहम' कुठे असतो? तो आकडा नाममात्र आहे. प्रत्यक्षात अडथळा सुरागणिक बदलतो. खर्जातल्या एखाद्या जागी ३० ओहमपर्यंत चढतो, मधल्या पट्टीत ६ वर उतरतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो जाऊ नये, म्हणजे ८ ओहमवाल्याने ६.४ च्या खाली उतरू नये. हे पथ्य सगळेच पाळत नाहीत. कित्येक महागडे स्पीकर ८ ओहम लिहून ३ ओहमपर्यंत खाली येतात. याची टोकाची हद्द १९८० च्या दशकातल्या अपोजी सिंटिला या अमेरिकन रिबन स्पीकरने गाठली: एक ओहम. भलेभले अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढे बंद पडायचे, आणि क्रेल कंपनीच्या अवजड अ‍ॅम्प्लिफायरांचं नाव झालं ते अशा भारासमोर टिकल्यामुळे.

स्पीकर घेताना म्हणूनच 'कमीत कमी किती ओहम, आणि कुठल्या पट्टीत?' हे विचारलंच पाहिजे. पत्रकात नसेल तर मोजमापांसह छापलेलं परीक्षण शोधावं. दिखाऊ लाकडी फिनिशच्या वर्णनापेक्षा तो एक आलेख मोलाचा आहे.

४. पुण्यातला एक धडा

हाय-एंड म्हणजे परदेशीच, हा समज मराठी माणसाने तरी सोडायला हरकत नाही. पुण्याच्या केडन्स कंपनीने विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यापुढच्या काळात जगभर निर्यात होणारे हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले, आणि त्यांच्याबरोबर व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायरही. एकाच घराने दोन्ही का बनवावं, हे समजलं की जोडी जमवण्याचं मर्म समजतं.

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये नेहमीचा कागदी कोन नसतो. विद्युतभारित पातळ फिल्म दोन जाळ्यांच्या मधे ताणलेली असते आणि जाळ्यांवरच्या व्होल्टेजमुळे ती पुढेमागे हलते. वजन जवळजवळ नाही, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी आणि आवाजातले बारकावे ती फार नितळ मांडते. पण विजेच्या दृष्टीने ही रचना कपॅसिटरची आहे. सूर जितका उंच, तितका ओहम कमी. इंग्लंडमधल्या क्वाडच्या पीटर वॉकर यांचा १९५७ चा पहिला पूर्ण पट्टीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर वरच्या टोकाला सुमारे २ ओहमपर्यंत उतरत असे. वॉकर यांच्याकडे त्याच्यासाठी स्वतःचाच १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर होता, क्वाड टू, १९५३ पासूनचा. पुढे लोकांनी त्याच स्पीकरला भारी ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर जोडले, तेव्हा आत ठिणग्या पडून पॅनल निकामी होऊ लागले. जास्त शक्ती म्हणजे जास्त चांगलं, या समजुतीला यापेक्षा ठोस उत्तर सापडणं कठीण.

हायब्रिड रचनेत खर्जाचं काम नेहमीच्या कोनाकडे आणि वरचं काम फिल्मकडे असतं. सोय मोठी आहे, पण अ‍ॅम्प्लिफायरला एकाच वेळी दोन वेगळ्या स्वभावांशी जुळवून घ्यावं लागतं. भारतातलंच दुसरं टोक कोचीच्या रीदम कंपनीचं. तिच्या स्पीकरचा पाया म्हणजे जवळजवळ सगळी पट्टी एकट्याने वाजवणारा, अतिशय संवेदनशील ड्रायव्हर. तिथे थोड्या वॅटचा, साधा अ‍ॅम्प्लिफायर शोभतो. या दोन भारतीय स्पीकरांचे अ‍ॅम्प्लिफायर आपसांत बदलले तर दोन्हीकडची मजा जाईल.

५. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि तंबोऱ्याचा खर्ज

व्हॉल्व्हचा आवाज 'उबदार' असतो असं ऐकणारे सांगतात. त्यामागे एक मोजता येणारं कारण आहे.

प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात स्वतःचा थोडा अडथळा असतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो ०.०५ ओहमच्या आसपास, कित्येक व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरांत २ ओहम किंवा अधिक. हा अडथळा आणि स्पीकरचा अडथळा व्होल्टेज आपसांत वाटून घेतात. आता काळी एकमध्ये गाणारे गवई घ्या. त्यांचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा, म्हणून तंबोऱ्याच्या खर्जाची तार ६९ हर्ट्झवर. कित्येक लहान स्पीकरांचा ओहमचा डोंगर नेमका याच भागात असतो. तिथे ३० ओहम आणि मधल्या पट्टीत ६ ओहम धरू.

व्हॉल्व्हच्या २ ओहमबरोबर खर्जाच्या जागी स्पीकरला ३२ पैकी ३० भाग मिळतात, म्हणजे ९४ टक्के. मधल्या पट्टीत ८ पैकी ६, म्हणजे ७५ टक्के. दोन्हींतला फरक जवळजवळ २ डेसिबल. खर्ज आणि डग्ग्याची घुमक तेवढी उचलली जाते, आणि कानाला ती सहज कळते. ट्रान्झिस्टरच्या ०.०५ ओहमबरोबर हाच फरक एका डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याहून कमी राहतो.

हे चांगलं की वाईट? स्पीकरवर अवलंबून आहे. खर्जात दुबळ्या स्पीकरला या उचलीने भरीवपणा येतो. आधीच घुमणाऱ्या स्पीकरला त्याच अ‍ॅम्प्लिफायरने डग्गा पसरट होतो आणि ठेक्याचे बोल एकमेकांत मिसळतात. ज्या स्पीकरचा ओहमचा आलेख सपाट आहे त्याच्यावर व्हॉल्व्ह जवळजवळ काहीच रंग चढवत नाही. ३०० बी या व्हॉल्व्हच्या सिंगल एंडेड अ‍ॅम्प्लिफायरमधून जेमतेम ८ वॅट निघतात. ९५ डेसिबलहून संवेदनशील आणि सपाट आलेखाच्या स्पीकरवर तो अप्रतिम गातो, ८३ डेसिबलच्या स्पीकरवर पहिल्याच समेला कोसळतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४ आणि ८ ओहमची वेगळी टर्मिनलं असतात. दोन्ही लावून ऐकावं, पेटीवरच्या आकड्यापेक्षा कानाचा निर्णय मानावा.

ट्रान्झिस्टरवाले 'डॅम्पिंग फॅक्टर' नावाचा आकडा मिरवतात: स्पीकरचे ओहम भागिले अ‍ॅम्प्लिफायरचे ओहम. ८ भागिले ०.०५ म्हणजे १६०. दोन-तीन हजारांचे आकडेही छापलेले दिसतात. स्पीकरच्या कॉइलमध्येच पाचसहा ओहमची तार गुंडाळलेली असल्यामुळे पन्नासच्या पुढच्या आकड्याने ऐकण्यात फरक पडत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

ध्वनिमुद्रण कुठलं, हेही विसरू नये. ग्वाल्हेर गायकीच्या हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ यांच्या तबकड्या १९२० च्या आसपासच्या, मायक्रोफोन येण्याआधीच्या, भोंग्यात गाऊन मुद्रित केलेल्या. त्यांत खर्जाचा तळ आणि वरची चमक मुळात पोहोचलेलीच नाही. असं जुनं गाणं हाच ज्याचा खजिना आहे, त्याने अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे ओतण्याऐवजी मधली पट्टी स्वच्छ मांडणारा स्पीकर निवडावा.

६. लहान अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो तो असा

अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा संपली की लहरींचे माथे सपाट कापले जातात. या कापलेल्या लहरींत वरचे सूर नको तितके वाढतात आणि ते थेट ट्वीटरकडे, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाकडे जातात. ट्वीटरची तार केसासारखी बारीक, तिला सतत सोसतात ते थोडेच वॅट. त्यामुळे ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळून वाजवला तर '१०० वॅट'चा स्पीकरही जायबंदी होतो. आवाज खरखरीत झाला की लगेच खाली करावा, एवढी काळजी पुरते.

७. उन्हाळा, वायर आणि खोली

ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या वर जातो. क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर गाणं सुरू असो वा नसो, पूर्ण वीज खातो. प्रत्येक बाजूला २५ वॅट देणाऱ्या क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरमधून किमान १०० वॅट सतत उष्णता बाहेर पडणार, प्रत्यक्षात बरीच जास्त. दहा बाय बाराच्या बंद खोलीत दुपारी हा सोस परवडत नाही. पंख्याच्या घरघरीत क्लास ए ऐकण्यापेक्षा थंड चालणारा क्लास एबी किंवा चांगला क्लास डी शांत खोलीत ऐकणं अधिक सुखाचं.

वायरीबद्दल फार बोललं जातं. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची पाच मीटर वायर, जाऊनयेऊन दहा मीटर, एकूण ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे एका टक्क्याच्याही आत आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानातली चांगली मल्टिस्ट्रँड वायर पुरते.

खोलीचं मात्र तसं नाही. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास हवा स्वतःच घुमू लागते. ही घुमणी पाचदहा डेसिबलची असू शकते, कुठल्याही दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी. स्पीकर भिंतीपासून दीडदोन फूट पुढे आणावेत, ऐकण्याची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नये, फरशीवर जाड सतरंजी आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट असावं. हे सगळं अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी करायचं.

८. खरेदीचा क्रम

आधी खोली मोजा, मग स्पीकर ठरवा, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बजेटमधला मोठा वाटा स्पीकरला द्या. ८६ ते ८८ डेसिबलचा आणि ४ ओहमच्या खाली न उतरणारा स्पीकर असेल, तर लहान खोलीत ५० ते ८० वॅटचा दमदार अ‍ॅम्प्लिफायर आयुष्यभर पुरेल. ९५ च्या पुढचा असेल तर व्हॉल्व्हचा विचार बिनधास्त करा. ३ ओहमखाली उतरणारा किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक असेल, तर त्याच निर्मात्याने कुठला अ‍ॅम्प्लिफायर लावून तो ऐकला होता, ते विचारून घ्या.

ग्वाल्हेरच्या रसिकाला अशा वस्तू ऐकायला बहुधा दिल्ली गाठावी लागते. जाताना स्वतःची, पाठ झालेली ध्वनिमुद्रणं न्या: एक विलंबित ख्याल, एक तबला सोलो, एक नुसता तंबोरा. दोन अ‍ॅम्प्लिफायरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज मोबाइलवरच्या मीटरने सारखा करून घ्या, कारण एका डेसिबलने मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. आणि पैसे देण्याआधी, घरी नेऊन आठवडाभर ऐकून न पटल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.